फँटसी फुटबॉलमधील रनिंग बॅकच्या सातत्याचे मापन

फँटसी फुटबॉल हा अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्यक्ष सामन्यांवर आधारलेला काल्पनिक संघांचा खेळ आहे. या खेळात रनिंग बॅक या स्थानावरील खेळाडूची कामगिरी एका सामन्याकडून दुसऱ्या सामन्याकडे जाताना किती कमीजास्त होते, हे संख्याशास्त्राच्या साहाय्याने ठरविण्याला सातत्याचे मापन म्हणतात. त्यासाठी प्रमाण विचलन, विचलन गुणांक, मध्यक, ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या सामन्यांचे प्रमाण आणि केवळ तुटीचे विचलन ही साधने वापरली जातात. यांपैकी कोणतेही एक साधन स्वयंपूर्ण नाही. खेळाडूची सरासरी आणि मापनामागील हेतू बाजूला ठेवून काढलेला सातत्याचा आकडा बहुधा दिशाभूल करतो.

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. पुढे सरकण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. क्वार्टरबॅक चेंडू फेकून सहकाऱ्याकडे पोहोचवतो, किंवा तो रनिंग बॅकच्या हातात देतो आणि रनिंग बॅक प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून वाट काढत धावतो. अशा प्रत्येक धावेला कॅरी म्हणतात. चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम क्षेत्रात नेल्यास टचडाउन होतो व संघाला ६ गुण मिळतात. धावणारा मागेच अडविला गेला, तर त्याच्या खात्यात उणे यार्डही जमा होतात.

फँटसी फुटबॉलचा उगम १९६२ सालचा मानला जातो. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख यांनी त्या वर्षी न्यू यॉर्कमधील एका हॉटेलात काही सहकाऱ्यांसह या खेळाचे नियम तयार केले. १९६३ साली ओकलंड येथे त्यांच्या घरी खेळाडूंची पहिली निवड झाली. या खेळात प्रत्येक सहभागी व्यक्ती नॅशनल फुटबॉल लीगमधील खऱ्या खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडते. त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात केलेल्या कामगिरीचे ठरलेल्या नियमांनुसार गुणांत रूपांतर होते. बहुतेक लीगमध्ये दर आठवड्याला दोन काल्पनिक संघांची लढत होते आणि त्या आठवड्यात ज्याचे गुण अधिक तो जिंकतो.

गुणदानाच्या प्रचलित पद्धतीत धावून मिळविलेल्या प्रत्येक १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला ६ गुण असतात. प्रतिपक्षाच्या हाती गेलेल्या फंबलसाठी, म्हणजे हातून निसटलेल्या चेंडूसाठी, बहुधा २ गुण वजा होतात. झेललेल्या पासच्या प्रत्येक १० यार्डांनाही १ गुण असतो. काही लीगमध्ये प्रत्येक झेलासाठी आणखी १ किंवा अर्धा गुण मिळतो. नियमांतील या फरकांचा सातत्याच्या आकड्यांवर थेट परिणाम होतो.

सातत्याचा प्रश्न का उद्भवतो

हंगामाअखेरचे एकूण गुण हे खेळाडूच्या कामगिरीचे सर्वांत सोपे माप आहे. परंतु फँटसी फुटबॉलमधील निर्णय आठवड्यागणिक होत असल्याने एकूण गुण पुरेसे ठरत नाहीत. समजा, एका रनिंग बॅकने चार आठवड्यांत प्रत्येकी १० गुण मिळविले आणि दुसऱ्याने अनुक्रमे २, ३, ५ आणि ३० गुण मिळविले. दोघांची बेरीज ४० व सरासरी १० आहे. तरीही दुसऱ्या खेळाडूवर विसंबणाऱ्या व्यवस्थापकाला तीन आठवडे त्याची उणीव भासली असेल आणि चौथ्या आठवड्यात मिळालेले जादा गुण कदाचित गरजेपेक्षा अधिक ठरले असतील. एका आठवड्यात शिल्लक राहिलेले गुण पुढील आठवड्यात वापरता येत नाहीत. सातत्याच्या मापनाची गरज यातूनच निर्माण होते.

याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागते. दर आठवड्याला नेमके २ गुण मिळविणारा खेळाडू पूर्णतः सातत्यपूर्ण असतो. पण त्याला संघात घेण्यात काही अर्थ नसतो. सातत्य हा गुण सरासरीच्या जोडीनेच मोलाचा ठरतो.

दोन हंगामांचे उदाहरण

मापनाच्या पद्धती समजण्यासाठी दोन प्रसिद्ध हंगामांची तुलना उपयुक्त आहे. पहिला हंगाम डेट्रॉइट लायन्सच्या बॅरी सँडर्सचा, १९९७ सालचा. त्या हंगामात त्याने १६ सामन्यांत ३३५ कॅरींमधून २,०५३ यार्ड मिळविले. सामनानिहाय यार्ड क्रमाने असे होते: ३३, २०, १६१, ११३, १३९, १०७, २१५, १०५, १०५, १०५, १०८, २१६, १६७, १३७, १३८ आणि १८४. पहिल्या दोन सामन्यांत मिळून अवघे ५३ यार्ड आणि त्यानंतर सलग १४ सामन्यांत शंभराहून अधिक, असा हा हंगाम आहे.

दुसरा हंगाम मिनेसोटा व्हायकिंग्जच्या एड्रियन पीटरसनचा, २००७ सालचा. व्यावसायिक फुटबॉलमधील हे त्याचे पहिलेच वर्ष होते. त्याने १४ सामन्यांत २३८ कॅरींमधून १,३४१ यार्ड मिळविले. त्याचे सामनानिहाय यार्ड क्रमाने असे होते: १०३, ६६, १०२, ११२, २२४, ६३, ७०, २९६, ४५, ११६, ३, ७८, २७ आणि ३६. यांतील २९६ यार्डांचा सामना ४ नोव्हेंबर २००७ रोजी सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध झाला. एका सामन्यात धावून मिळविलेल्या यार्डांचा तो नॅशनल फुटबॉल लीगमधील विक्रम ठरला. त्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १४ कॅरींमधून त्याला केवळ ३ यार्ड मिळाले.

गणना सुबोध राहावी म्हणून पुढील कोष्टकात केवळ धावून मिळविलेल्या यार्डांचा विचार केला आहे. १० यार्डांना १ गुण या हिशेबाने यार्डांना १० ने भागले, की त्यांचे फँटसी गुण मिळतात.

| निकष | सँडर्स, १९९७ | पीटरसन, २००७ |
|---|---|---|
| खेळलेले सामने | १६ | १४ |
| एकूण यार्ड | २,०५३ | १,३४१ |
| सरासरी | १२८.३ | ९५.८ |
| मध्यक | १२५ | ७४ |
| प्रमाण विचलन | ५२.९ | ७५.५ |
| विचलन गुणांक | ४१ टक्के | ७९ टक्के |
| १०० वा अधिक यार्डांचे सामने | १४ | ६ |
| १०० यार्डांखालील तुटीचे विचलन | २६.१ | ४२.९ |

मापनाच्या पद्धती

प्रमाण विचलन

प्रत्येक सामन्यातील यार्ड आणि सरासरी यांतील फरकाचा वर्ग करावा, सर्व वर्गांची सरासरी काढावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे, म्हणजे प्रमाण विचलन मिळते. सामने सरासरीच्या आसपास असतील तर ते लहान असते, विखुरलेले असतील तर मोठे. सँडर्सचे ५२.९ आणि पीटरसनचे ७५.५ हे आकडे याच रीतीने काढलेले आहेत. वर्गांच्या बेरजेला सामन्यांच्या संख्येऐवजी त्याहून एकने कमी असलेल्या संख्येने भागण्याचीही पद्धत आहे. हंगामातील सामने हा खेळाडूच्या क्षमतेचा केवळ एक नमुना मानला, तर ती पद्धत अधिक योग्य ठरते. तसे केल्यास हे आकडे अनुक्रमे ५४.६ आणि ७८.३ होतात. तुलना करताना दोन्ही खेळाडूंसाठी एकच पद्धत वापरणे आवश्यक आहे.

प्रमाण विचलनाचा मोठा दोष असा, की ते चांगल्या आणि वाईट सामन्यांत भेद करीत नाही. सँडर्सचे २१५ व २१६ यार्डांचे सामने त्याचे विचलन जवळजवळ तेवढेच वाढवतात, जेवढे ३३ व २० यार्डांचे सामने वाढवतात. व्यवस्थापकाच्या दृष्टीने मात्र पहिली जोडी पर्वणी असते आणि दुसरी आपत्ती.

विचलन गुणांक

प्रमाण विचलनाला सरासरीने भागून टक्केवारीत मांडले, की विचलन गुणांक मिळतो. हा मापदंड १९व्या शतकाच्या अखेरीस इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी रूढ केला. निरनिराळ्या सरासरीच्या खेळाडूंची तुलना करण्यासाठी तो सोयीचा आहे. मोठी सरासरी असलेल्या खेळाडूच्या गुणांत चढउतारही मोठेच असतात. म्हणून केवळ प्रमाण विचलन पाहिल्यास उत्तम खेळाडू अनियमित भासतात. गुणांक हा दोष दूर करतो.

तथापि त्यातून दुसरा दोष उत्पन्न होतो. भाजक सरासरीच असल्याने ज्याची सरासरी मोठी त्याचा गुणांक सहसा लहान येतो. सातत्याच्या नावाने तयार केलेली यादी त्यामुळे बरेचदा सरासरीच्या यादीचीच किंचित बदललेली आवृत्ती असते. सरासरी शून्याच्या जवळ असल्यास हा गुणांक निरर्थक होतो. उणे यार्ड शक्य असल्याने राखीव रनिंग बॅकच्या बाबतीत ही अडचण खरोखर उद्भवते.

मध्यक

सामने चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारी संख्या म्हणजे मध्यक. सामन्यांची संख्या सम असल्यास मधल्या दोन संख्यांची सरासरी घेतात. सँडर्सच्या बाबतीत सरासरी १२८.३ आणि मध्यक १२५ आहे, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे. पीटरसनची सरासरी ९५.८ असली तरी मध्यक केवळ ७४ आहे. २२४ व २९६ यार्डांच्या दोन सामन्यांत त्याच्या हंगामातील सुमारे ३९ टक्के यार्ड सामावलेले आहेत. ते वगळल्यास उरलेल्या १२ सामन्यांची सरासरी ६८.४ वर येते. सरासरी आणि मध्यक यांत मोठी तफावत दिसली, की मोजक्या सामन्यांनी हंगाम उचलून धरला आहे असे अनुमान काढता येते.

मर्यादा ओलांडण्याचे प्रमाण

एखादी मर्यादा ठरवून किती सामन्यांत ती गाठली गेली हे मोजणे ही सर्वांत सहज समजणारी पद्धत आहे. १०० यार्ड ही रनिंग बॅकसाठी परंपरेने मानली गेलेली मर्यादा होय. सँडर्सने ती १६ पैकी १४ सामन्यांत, म्हणजे ८७.५ टक्के वेळा गाठली. पीटरसनने १४ पैकी ६ सामन्यांत, म्हणजे सुमारे ४३ टक्के वेळा.

फँटसी फुटबॉलमध्ये ही मर्यादा बहुधा क्रमवारीवरून ठरविली जाते. १२ संघांच्या लीगमध्ये प्रत्येक संघ २ रनिंग बॅक खेळवीत असेल, तर दर आठवड्याला किमान २४ रनिंग बॅक उपयोगात येतात. त्यामुळे एखादा खेळाडू किती आठवडे पहिल्या १२ मध्ये आणि किती आठवडे पहिल्या २४ मध्ये होता, हे पाहिले जाते. या पद्धतीत सीमारेषेवरील अन्याय अटळ असतो. बाराव्या आणि तेराव्या क्रमांकांत दशांश गुणाचेच अंतर असले, तरी एका खेळाडूच्या खात्यात यश आणि दुसऱ्याच्या खात्यात अपयश नोंदविले जाते.

तुटीचे विचलन

या पद्धतीत मर्यादेच्या वरील सामन्यांची तूट शून्य धरतात आणि खालील सामन्यांच्या तुटींचे वर्ग करून सर्व सामन्यांवर त्यांची सरासरी काढतात. नंतर वर्गमूळ घेतात. त्यामुळे चांगल्या सामन्यांबद्दल खेळाडूला शिक्षा होत नाही. १०० यार्डांच्या मर्यादेने सँडर्सचे तुटीचे विचलन २६.१ आणि पीटरसनचे ४२.९ येते. या कल्पनेचे मूळ गुंतवणूकशास्त्रात आहे. अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात गुंतवणुकीतील जोखीम मोजताना केवळ खालच्या बाजूचे विचलन विचारात घेण्याची चर्चा केली होती. भाव अनपेक्षितपणे वाढल्याची तक्रार गुंतवणूकदार करीत नाही. फँटसी संघाच्या व्यवस्थापकाचीही स्थिती तशीच असते.

चढउतारांची कारणे

कॅरींची संख्या: रनिंग बॅकला किती वेळा चेंडू मिळेल हे प्रशिक्षकांच्या योजनेवर आणि सामन्याच्या स्थितीवर अवलंबून असते. आघाडीवर असलेला संघ वेळ काढण्यासाठी अधिक धावतो, पिछाडीवरील संघ चेंडू फेकण्यावर भर देतो. त्यामुळे दुर्बळ संघातील रनिंग बॅकच्या कॅरी ऐन सामन्यात घटू शकतात. तथापि सारे चढउतार कॅरींच्या संख्येने स्पष्ट होत नाहीत. सँडर्सला पहिल्या दोन सामन्यांत प्रत्येक कॅरीमागे सुमारे २.१ यार्ड मिळाले, तर उरलेल्या १४ सामन्यांत सुमारे ६.५.

दीर्घ धावा: बहुतेक कॅरी थोड्याच यार्डांच्या असतात आणि एखादीच धाव दूरवर जाते. सामन्याची एकूण संख्या अशा एका-दोन धावांवर हेलकावे खाते. सँडर्सच्या खेळात हे विशेष दिसत असे. १९९४ च्या हंगामात त्याने १,८८३ यार्ड मिळविले होते. परंतु त्यानंतर ग्रीन बे पॅकर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात १३ कॅरींमधून त्याच्या नावावर उणे १ यार्ड लागला. फँटसी लीग साधारणतः नियमित हंगामापुरत्या असल्याने असे सामने बहुतेक गणनांत येतही नाहीत.

टचडाउन: गुणांच्या हिशेबात एक टचडाउन ६० यार्डांच्या बरोबरीचा असतो, पण तो क्वचित घडतो. सँडर्सने १९९७ मध्ये १६ सामन्यांत धावून ११ टचडाउन केले, म्हणजे प्रति सामना सुमारे ०.६९. टचडाउन प्वासाँ वितरणानुसार घडतात असे गृहीत धरल्यास, एवढ्या सरासरीला जवळजवळ निम्म्या सामन्यांत एकही टचडाउन होणार नाही. टचडाउनपासून मिळणाऱ्या गुणांचे प्रमाण विचलन सुमारे ५ येते. त्याच्या यार्डांपासून मिळालेल्या गुणांचे प्रमाण विचलन ५.३ होते. थोडक्यात, वर्षभरातील ११ घटना २,००० हून अधिक यार्डांइतकीच अस्थिरता निर्माण करू शकतात. म्हणून ज्यांचे गुण मुख्यतः टचडाउनवर अवलंबून असतात, असे रनिंग बॅक स्वभावतःच अनियमित ठरतात.

झेल: झेलाला गुण देणाऱ्या लीगमध्ये पास झेलणारा रनिंग बॅक अधिक स्थिर दिसतो. संघ पिछाडीवर असताना धावा घटल्या, तरी झेल वाढतात आणि दोन्ही मिळून तोल सांभाळला जातो. कॅरोलायना पँथर्सच्या क्रिस्टियन मॅकॅफ्री याने २०१९ मध्ये धावून १,३८७ यार्ड आणि ११६ झेलांतून १,००५ यार्ड मिळविले. प्रत्येक झेलाला १ गुण या नियमाने त्याला केवळ झेलांच्या संख्येपोटी प्रति सामना ७.२५ गुण मिळाले असते.

दुखापत: पीटरसनच्या हंगामाचा उलगडा बऱ्याच अंशी यातून होतो. पहिल्या आठ सामन्यांत त्याची सरासरी १२९.५ यार्ड होती, म्हणजे सँडर्सच्या संपूर्ण हंगामाच्या सरासरीपेक्षाही किंचित अधिक. नवव्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो पुढील दोन सामने खेळू शकला नाही. दुखापतीच्या सामन्यासह अखेरच्या सहा सामन्यांची सरासरी ५०.८ आहे.

गणनेतील अडचणी

वरील उदाहरणातून मापनाचा एक मूलभूत दोष उघड होतो. प्रमाण विचलनाला सामन्यांचा क्रम कळत नाही. चौदाही संख्या कशाही उलटसुलट लावल्या तरी उत्तर ७५.५ हेच येते. दर आठवड्याला बेभरवशाचा असलेला खेळाडू आणि हंगामाच्या मध्यावर दुखापतीने खालावलेला खेळाडू या दोघांचा आकडा सारखाच येऊ शकतो. पहिल्याचा प्रश्न अनिश्चिततेचा आहे. दुसऱ्याच्या बाबतीत खेळाची पातळीच बदललेली आहे. सँडर्सचे दोन्ही वाईट सामने हंगामाच्या आरंभीच आले होते. ते वगळले तर त्याचे प्रमाण विचलन ५२.९ वरून ३८.७ वर आणि विचलन गुणांक ४१ वरून २७ टक्क्यांवर येतो. आकडे काढण्यापूर्वी सामनानिहाय यादी डोळ्यांखालून घालणे म्हणूनच आवश्यक असते.

न खेळलेल्या सामन्यांचे काय करावे, हाही वादाचा मुद्दा आहे. पीटरसनचे हुकलेले दोन सामने शून्य यार्डांचे मानले, तर त्याची सरासरी ८३.८ होते आणि विचलन गुणांक ७९ वरून ९२ टक्क्यांवर जातो. दुखापत आधी जाहीर झाल्यास व्यवस्थापक दुसरा खेळाडू खेळवू शकतो. त्यामुळे अशा सामन्यांना शून्य देणे सयुक्तिक नसते. उलट सामन्याच्या आरंभीच जायबंदी झालेल्या खेळाडूचे तुटपुंजे गुण मात्र संघाच्या माथी बसतात. त्यांची गणना करावीच लागते. काही विश्लेषक सातत्य आणि उपलब्धता यांचे आकडे स्वतंत्रपणे देतात, ते याच कारणाने.

सर्वांत गंभीर अडचण नमुन्याच्या लहान आकाराची आहे. नॅशनल फुटबॉल लीगचा नियमित हंगाम १९७८ पासून, संपाची वर्षे वगळता, १६ सामन्यांचा होता आणि २०२१ पासून तो १७ सामन्यांचा आहे. गुण प्रसामान्य वितरणानुसार पडतात असे मानले, तरी १६ सामन्यांवरून काढलेल्या प्रमाण विचलनात सुमारे १८ टक्क्यांची प्रमाण त्रुटी असते. एका रनिंग बॅकचे प्रमाण विचलन ५ गुण आणि दुसऱ्याचे ६ गुण असल्यास, एवढ्या फरकावरून पहिला अधिक भरवशाचा आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. अनेक हंगाम एकत्र केल्यास नमुना वाढतो. पण दरम्यान खेळाडूचे वय, त्याचा संघ, प्रशिक्षक आणि भूमिका बदललेली असते.

सातत्य हा खेळाडूचा स्थायी गुण आहे की योगायोग, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. अनेक रनिंग बॅकचे एका हंगामातील विचलन गुणांक आणि पुढील हंगामातील विचलन गुणांक यांतील सहसंबंध काढावा. तो १ च्या जवळ असेल तर सातत्य टिकाऊ आहे. शून्याच्या जवळ असेल तर मागील हंगामाचा आकडा पुढील हंगामासाठी निरुपयोगी आहे. ही चाचणी करताना सरासरीचा प्रभाव आधी वेगळा काढणे गरजेचे असते. तसे न केल्यास चांगला खेळाडू पुढेही चांगला राहतो, एवढेच सातत्याच्या नावाने सिद्ध होते.

उपयोग

सातत्यपूर्ण खेळाडू नेहमीच श्रेयस्कर असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धसत्य आहे. आठवड्याच्या लढतीत जो संघ सरस आहे, त्याला चढउतार कमी असलेले बरे. अनपेक्षित घडले नाही तर विजय त्याचाच असतो. दुबळ्या संघाला मात्र अनपेक्षित घडण्याचीच गरज असते. त्याच्यासाठी २ गुण किंवा ३० गुण मिळविणारा बेभरवशाचा रनिंग बॅक कधी कधी अधिक उपयुक्त ठरतो. हजारो स्पर्धकांतून केवळ अग्रस्थानी असलेल्यांना बक्षीस देणाऱ्या स्पर्धांत हाच विचार लागू होतो.

परंतु या परिणामाचा आकार किती, हे तपासणे अगत्याचे आहे. पुढील उदाहरण कल्पित आहे. समजा, एक संघ अपेक्षित गुणांत प्रतिस्पर्ध्याहून १० गुणांनी मागे आहे, दोन्ही संघांच्या गुणांतील फरकाचे प्रमाण विचलन २५ आहे आणि तो फरक प्रसामान्य वितरणानुसार पडतो. या संघाच्या विजयाची संभाव्यता सुमारे ३४.५ टक्के येते. आता या संघाने ६ गुण प्रमाण विचलनाच्या रनिंग बॅकऐवजी तेवढ्याच सरासरीचा, पण ९ गुण प्रमाण विचलनाचा रनिंग बॅक घेतला. खेळाडूंचे गुण परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास विचलनांचे वर्ग बेरजेत येतात. ६२५ मधून ३६ जाऊन ८१ येतात आणि एकूण ६७० होतात. नवे प्रमाण विचलन २५.९ आणि विजयाची संभाव्यता सुमारे ३५.० टक्के होते. म्हणजे एका खेळाडूची अनियमितता दीडपट केल्याने अवघा अर्ध्या टक्क्याचा लाभ झाला.

त्याऐवजी सातत्य पूर्वीचेच ठेवून सरासरी केवळ १ गुणाने अधिक असलेला रनिंग बॅक घेतला असता, तर पिछाडी ९ गुणांची झाली असती आणि संभाव्यता सुमारे ३५.९ टक्के झाली असती. लाभ जवळजवळ तिप्पट आहे. संघात अनेक खेळाडू असल्याने एकेकाचे चढउतार परस्परांत बऱ्याच अंशी विरून जातात. सरासरीतील वाढ मात्र तशी विरत नाही. ती पूर्णतः संघाच्या बेरजेत उतरते. दोन खेळाडूंची अपेक्षित सरासरी जवळजवळ समान असेल, तेव्हाच सातत्याचा विचार निर्णायक ठरावा, हा निष्कर्ष यातून निघतो.

मर्यादा

सातत्याचा आकडा गतकाळाचे वर्णन करतो. भविष्याची हमी देत नाही. १९९७ मधील दुसऱ्या सामन्यानंतर सँडर्सची सरासरी २६.५ यार्ड होती. तेवढ्याच आधारावर ज्याने त्याला संघातून दूर केले असते, तो पुढील १४ सामन्यांतील २,००० यार्डांना मुकला असता. २००७ मध्ये आठव्या सामन्यानंतर पीटरसनकडून तशाच कामगिरीची अपेक्षा बाळगणाऱ्याचा हिशेब गुडघ्याच्या एका दुखापतीने चुकविला असता. दोन्ही प्रसंगी गणित बरोबरच असते. अपुरी असते ती त्यामागील माहिती. म्हणून कॅरींची संख्या, झेल, टचडाउनवरील अवलंबित्व आणि शारीरिक स्थिती यांच्यासह वाचलेला सातत्याचा आकडा उपयोगी पडतो. एकटा वाचलेला आकडा घडून गेलेल्या योगायोगालाच खेळाडूचा स्वभाव ठरवून मोकळा होतो.